अध्यक्षांच्या पायाला कुशीची बाधा

मंगळवारी दुपारचे दोन वाजले, की आमच्या गावातल्या बायका शेतातली भांगलण अर्ध्यावर टाकून घरी पळायच्या. पाय धुऊन, हळद-कुंकू लावून, ठेवणीतली साडी नेसून शाळेच्या मैदानावरच्या मांडवात रांगेला लागायच्या. रांग मांडवाबाहेर पडून पाण्याच्या टाकीला वळसा घालायची. मच्छेहून रिक्षा भरून बायका यायच्या, गुंजीकडून रेल्वेनं यायच्या. पटसंख्या वाढवण्यासाठी आमच्या शिक्षकांनी घरोघरी उंबरे झिजवले होते, तरी त्या मैदानावर एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

मांडवात उंच चौरंगावर परमपूज्य जलनाथ महाराज बसलेले असत. समोर पांढरीशुभ्र एनॅमलची परात, आणि शिष्य कळशीतून तिच्यात नितळ पाणी ओतत असे. बाईनं परातीत दोन्ही पाय ठेवायचे. महाराज डोळे मिटून पुटपुटायचे. थोड्याच वेळात टाचांपाशी तांबूस रंग सुटायचा, मग बोटांच्या बेचक्यांतून, आणि बघता बघता पाणी लालभडक व्हायचं. मांडवातून एकच "अगं बाईऽऽ" उठायचं आणि माझ्याशेजारच्या बायका पटापट हात जोडायच्या.

"भगिनींनो," महाराज माइक ओढून घ्यायचे, "डॉक्टर काय करतो? पोटाला गारेगार काहीतरी फासतो, मशीन फिरवतो आणि काळ्यापांढऱ्या कागदावर ठिपके दाखवतो. तुम्हाला त्यातलं काही कळतं?"

"न्हाऽय!"

"आमच्याकडं कलर आहे! ही देवाची सोनोग्राफी. पावलातून व्हायब्रेशन उतरतं, पाण्याच्या मेमरीत जातं आणि कुशीत कोण बसलंय ते पाणी स्वतः सांगतं."

कुशीत नेहमी एकच पाहुणी बसलेली असे. कधीकाळी मन मारून मेलेली कुणीतरी सवाष्ण. ती म्हणे सवाष्णीच्याच कुशीला धरते, आणि त्या दुखण्याचं नाव कुशीची बाधा.

मी आरोही. बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात काम करते. शिक्षण बी.कॉम., शास्त्राशी संबंध दहावीपर्यंतचा. माझा स्वभाव थोडा तिखट आहे असं सासरची माणसं म्हणतात. माहेरची माणसं 'थोडा' हा शब्द गाळतात. त्या पहिल्या मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकून ऑफिसातून थेट मांडवात गेले, ती महाराजांच्या दर्शनाला नव्हे. माझ्या सासूबाई, अंबुबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते, तिकडं निघाल्या होत्या, आणि पाण्याच्या टाकीपर्यंत चालायचंही त्राण त्यांच्या अंगात राहिलं नव्हतं.

आत्तींचं वय पन्नाशीच्या अलीकडचं. वर्षभर त्यांची पाळी आली की थांबायचं नाव घ्यायची नाही. ओठ पांढरे पडले होते, जिना चढताना दोनदा बसावं लागायचं, आणि स्वयंपाक करता करता कच्चे तांदूळ चघळायची भलतीच सवय लागली होती. शेवटी मी त्यांना बेळगावला डॉ. उपासनाकडं नेलं. तिनं तपासून स्पष्ट सांगितलं, की रक्त इतकं कमी झालंय की हृदयावर ताण येतोय, याच आठवड्यात दाखल व्हा. रक्त चढवू, मग रक्त का जातंय ते शोधू, तोवर या लोहाच्या गोळ्या घ्या.

"यात्रा झाल्यावर बगू," आत्ती म्हणाल्या. त्या यात्रेतच सगळी मेख होती.

आमच्या गावच्या लक्ष्मीची यात्रा पुष्कळ वर्षांनी एकदा भरते. मागची झाली तेव्हा आत्ती नव्या नवरी होत्या. त्यावेळी सासूच्या मागं उभ्या राहिल्या, ओटी सासूनं भरली. यंदा घरची कर्ती बाई म्हणून ओटीचा मान त्यांचा होता. घराला रंग दिला होता, सगळ्या सोयऱ्यांना फोन झाले होते, हिरवी साडी घेऊन ठेवली होती. पण पाळी चालू असलेल्या बाईनं देवीसमोर जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आता जिची पाळी संपतच नाही तिनं काय करायचं? आत्तींनी सोपा मार्ग काढला. कुणाला सांगायचंच नाही. मामंजींना नाही, माझ्या नवऱ्याला, रविराजला, तर नाहीच नाही. माहीत होतं फक्त मला, आणि त्यांच्या जुन्या मैत्रिणीला, तानीबाईंना.

अशा बाईचे पाय त्या परातीत पडले. पाणी लाल झालं. महाराजांनी डोळे उघडले, आत्तींचे पांढरे ओठ न्याहाळले आणि माइक बाजूला धरून कुजबुजले, "माते, रक्त जातं ना? ही पाळी नव्हे. हा विटाळ नव्हे. ही बाधा आहे."

आत्तींचा चेहरा एकदम उजळला. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. विटाळ नाही म्हणजे ओटी भरता येईल! मला त्या क्षणी महाराजांचा संताप आला आणि आत्तींकडं बघून रडू आलं. बाईला आजारापेक्षा विटाळाची धास्ती जास्त होती. या माणसानं ती धास्ती काढून घेतली आणि तिच्याबरोबर औषधही काढून घेतलं.

कारण उतारा असा होता: यात्रा पार पडेपर्यंत एकवेळ अळणी भाकरी, मंगळवारी कडक उपवास आणि इंग्रजी गोळी बंद. विशेषतः लोहाची.

"लोखंड पोटात गेलं," महाराज म्हणाले, "की बाधा लोहचुंबकासारखी चिकटते!"

रांगेतल्या प्रत्येकीला हाच उतारा. जयाबाईंची सून दोन महिन्यांची बाळंतीण. झोप नाही, दिवसभर रडायची, बाळाला उचलून घ्यायची भीती वाटते म्हणायची. बाधा. एक आजी खोकल्या की लुगडं ओलं व्हायचं, म्हणून दोन वर्षं कुणाच्या लग्नाला गेल्या नव्हत्या. बाधा. एक नववीतली पोरगी पोट धरून आली होती, तिचं पाणी मात्र लाल झालं नाही. मग महाराज म्हणाले, बाधा दारात उभी आहे, आत यायची वाट बघतेय. पोरगी आईला घट्ट बिलगली.

तानीबाईही त्या दिवशी आल्या होत्या. शेजारच्या गल्लीत राहतात. उभं आयुष्य लोकांच्या शेतात राबून त्यांनी लेकीला डॉक्टर केलं, डॉ. उपासना ती हीच. घर बौद्ध, देवदेवस्कीशी संबंध नाही, पण फुकटची करमणूक तानीबाई सोडत नाहीत. त्यांनी खुशाल परातीत पाय ठेवले. पाणी नितळच.

"या माउलीचं सौभाग्य गेलं," महाराज हळहळले. "कूस सुकली. बाधा रिकाम्या घरात राहत नाही."

"रिकामं घर व्हय रं?" तानीबाई परातीतूनच बोलल्या. "चार लेकरं वाढली ह्या घरात. तुज्यावानी भाडेकरू मातर कदी ठिवला न्हाय."

मागच्या रांगेत हशा पिकला. शिष्यानं त्यांना घाईनं उतरवलं आणि मला चढवलं. माझंही पाणी नितळ. महाराज अडखळले, माझ्या गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र बघितलं आणि म्हणाले, "हिच्यावर एसीचं कवच आहे." मग विषय बदलावा म्हणून त्यांनी यात्रा कमिटीच्या अध्यक्षांना, परशरामअण्णांना, वर बोलावलं. अण्णांनी धोतर वर धरून परातीत पाय ठेवले. पाणी काचेसारखं.

"पाहा! पुरुषाला ही बाधा कधीही, कदापि लागत नाही. पुरुषाचं पाणी निर्मळ!"

अण्णांची छाती फुगली. मांडव, माइक आणि मंडपवाल्याची गादी त्यांनीच मिळवून दिली होती.

तीन-चार दिवसांनी मी रविराजचा पांढरा शर्ट धूत होते. यात्रेसाठी शिवलेला नवा शर्ट, आणि हा बहाद्दर तो आधीच घालून जेवायला बसला होता. आमटीचा पिवळा डाग पडला होता. मी त्यावर साबण घासला आणि डाग लाल झाला. यात नवल काहीच नाही. लग्नानंतर मी असे शेकडो डाग लाल केलेत. पण त्या दिवशी माझा हात थांबला. मी डागाकडं बघत बसले, आणि डोळ्यांसमोर आत्तींचे हळद लावलेले पाय आले.

हळद कुणाच्या पायाला होती? सवाष्णींच्या. तानीबाईंच्या नव्हती, त्या नववीतल्या पोरीच्या नव्हती, अण्णांच्या नव्हती. आणि ऑफिसातून धावत आलेल्या माझ्या तर नव्हतीच.

मी तशीच ओल्या हातांनी उपासनाला फोन लावला. ती पोट धरून हसली. म्हणाली, "अगं, कळशीत चुन्याची निवळी असणार. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला, की वरचं पाणी नितळ दिसतं. हळद क्षारात गेली की लाल होते, साबण असो नाहीतर चुना. घरीच करून बघ ना."

चुना शोधायला लांब जावं लागलं नाही. मामंजींच्या, म्हणजे रवळू पाटलांच्या, कोपरीच्या खिशात तंबाखूबरोबर चुन्याची डबी कायम असते. तानीबाईंना बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात बादलीत निवळी ओतली, मी पायाला हळद लावली आणि आत उभी राहिले. महाराजांच्या परातीत झालं तेच झालं. टाचांच्या भेगांना चांगलं झोंबलंसुद्धा. महाराज त्याला "बाधा डसते" म्हणायचे.

मी धावत जाऊन आत्तींना आणलं. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं. मग म्हणाल्या, "तुज्या चुन्यानं व्हतंय, खरं हाय. पन म्हाराजांचंबी चुन्यानंच व्हतंय, कशावरनं?"

प्रश्न बिनतोड होता. महाराजांची कळशी तपासू द्या म्हणून मी परशरामअण्णांकडं गेले. त्यांनी "देवाधर्माच्या कामात पाय घालू नगंस, पोरी" एवढंच ऐकवलं. रविराज म्हणाला, "यात्रेच्या तोंडावर भांडण नको." आणि इकडं आत्ती अळणी भाकरीवर दिवस काढत होत्या, गोळ्या कपाटात पडून होत्या. रोज सकाळी उठल्यावर मी आधी त्यांच्या खोलीत डोकावायची, श्वास चालू आहे ना बघायला. खोटं कशाला सांगू, मी फार घाबरले होते.

मग यात्रा आली, आणि यात्रेनंच वाट दाखवली.

आमच्याकडची लक्ष्मीची यात्रा ज्यांनी पाहिली नसेल त्यांना एवढंच सांगते, की त्या दिवशी गावात पिवळ्याशिवाय दुसरा रंग शिल्लक राहत नाही. पहाटे देवीचं लग्न लागतं, मग तिला गाड्यावर बसवून गावभर ओढतात आणि भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे हळदीची पूड, आणि तीसुद्धा पोत्यांनी. रस्त्यावर पायाचा घोटा बुडेल इतका थर. माणसं पिवळी, म्हशी पिवळ्या, सोयऱ्यांच्या गाड्यांच्या काचा पिवळ्या. त्या दिवशी भंडारा कुणी धूत नाही. बाया तशाच, बापे तसेच.

जलनाथ महाराज आमच्या भागातले नव्हते. यात्रा म्हणजे गर्दी आणि गर्दी म्हणजे बायका, एवढाच हिशोब त्यांनी केला होता. गाडा ओढला गेला तो मंगळवारच होता. सकाळभर ते बेळगावच्या लॉजवर होते. दुपारी देवी गदगेवर बसली, म्हणजे यात्रेच्या चौथऱ्यावर विराजमान झाली, आणि शेजारच्याच मांडवात महाराजांची जीप येऊन थांबली. उतरून पिवळ्या मैदानातून चौरंगापर्यंत चालत येताना त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडलेली मला दिसली. ते शिष्याच्या कानात काहीतरी बोललेही. पण कमिटीनं सकाळपासून स्पीकरवर पुकारा केला होता आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती.

"आज फक्त भगिनी," महाराजांनी जाहीर केलं. "पुरुषांनी मागं राहावं."

मी पुढच्या रांगेतून उठले आणि पदर सावरून शक्य तितक्या भाबड्या आवाजात म्हणाले, "महाराज, लांबलांबचे पाहुणे आलेत. पुरुषाचं पाणी कसं निर्मळ असतं ते त्यांनाही दिसू दे की. आमच्या अण्णांचं दाखवा."

"व्हय, व्हय! अण्णांचं दावा!" पाहुणे ओरडले.

"आज वेळ कमी—" महाराज म्हणेपर्यंत परशरामअण्णा चढलेसुद्धा. डोक्याचा पटका पिवळा, मिशा पिवळ्या, धोतर गुडघ्यापर्यंत पिवळं. मानाचं काम आणि त्यात सोयऱ्यांच्या समोर. अण्णा कसले थांबतात! त्यांनी दोन्ही पाय परातीत ठेवले. शिष्यानं नेहमीच्या सवयीनं कळशी ओतली.

पाणी असलं लाल झालं, की तसं कुठल्या बाईचंही झालं नव्हतं.

अण्णा खाली बघत होते. मग मागून मष्णूचा आवाज आला. मष्णू आमच्या बांधाशेजारचा शेतकरी. गंभीर प्रसंगी गप्प बसणं त्याला जमत नाही.

"अण्णाऽ, कितवा लागला रं?"

मांडव फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर कोसळून हसायला लागल्या. महाराजांनी हात वर केले. "शांत! शांत! बाधा गर्दीतून उडून अध्यक्षांना लागली आहे."

"उडून लागतीया व्हय? मग मलाबी लागली काय बगतो," म्हणत मष्णू चढला, अण्णांच्या शेजारी परातीत उभा राहिला आणि कळशी आपल्या पायांवर कलती केली. लाल. मागोमाग आमचे मामंजी चढले, त्यांना तर खरोखरच काळजी वाटत होती. लाल. कुणीतरी भंडाऱ्यानं माखलेला बोकड ओढून आणला आणि त्याचे पुढचे दोन खूर परातीत बुडवले.

"बोकडाला कूस आली!" पोरं नाचायला लागली.

मी माइक घेतला. शिष्यानं तो दिला, कारण तो एव्हाना जीपच्या दिशेनं बघत होता.

"अण्णा, आता उतरा आणि हापशाच्या पाण्यात हात धुवा," मी म्हणाले. रविराजनं आधीच भरून ठेवलेली बादली पुढं केली. हो, शेवटी तो आला होता मदतीला. अण्णांनी भंडाऱ्यानं माखलेले हात धुतले. पाणी पिवळं झालं, लाल नाही.

"भंडारा तोच, अण्णा तेच. लाल होतंय ते यांच्याच कळशीतल्या पाण्यात. बायांनो, एक सांगा. हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

उत्तर तानीबाईंनी दिलं, माइकशिवाय, आणि टाकीपर्यंत ऐकू गेलं. "लाल व्हतोय! जलम गेला आमचा डाग धुन्यात. सांगा की गं, व्हतोय का न्हाय?"

"व्हतोऽय!" शंभर गळे एकदम. आणि मग बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दर आठवड्याला मोरीवर दिसणारी गोष्ट, आणि मांडवात तिच्यापुढं हात जोडले! हसणं पुन्हा सुरू झालं, पण यावेळी ते स्वतःवरचं होतं.

मी मामंजींची चुन्याची डबी वर धरली आणि सांगितलं, कळशीत या चुन्याची निवळी आहे. आपण कपाळाला लावतो ते कुंकूसुद्धा पूर्वी हळदीला चुना लावूनच करायचे. पायाला हळद तुम्ही घरून लावून आणता, कळशीत चुना हे आणतात, आणि बाधा म्हणून तुमच्याच पदरात घालतात.

"खोटं!" महाराज उभे राहिले. "पापिणी!"

"मग तुमी उतरा की परातीत," मष्णू प्रेमानं म्हणाला. "तुमचं पानी तर लईच निर्मळ आसंल."

महाराज मागं सरकले, त्यांचा पाय कळशीला लागला आणि कळशी त्यांच्याच पावलांवर लवंडली. पिवळ्या मैदानातून अनवाणी आलेले पाय ते. जीपपर्यंत त्यांची लाल पावलं उमटत गेली आणि बोकडानं त्यांना अर्ध्या वाटेपर्यंत पोचवलं. पुढं पोलिसात तक्रार झाली, पण तो भाग कंटाळवाणा आहे.

मी आत्तींना शोधत होते. त्या खांबाला टेकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता त्यांचा तोल गेला आणि त्या खाली बसल्या. मामंजी लाल पायांनी धावले.

"काय झालं गं? ऊन लागलं?"

आत्तींनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या माइककडं बघितलं, आणि तो काढून घेतला. मला वाटलं त्या बंद करणार. नाही. गावासमोर, सोयऱ्यांसमोर, अध्यक्षांसमोर त्या बोलल्या.

"ऊन न्हाय लागलं. वरीस झालं माजी पाळी थांबंना. रगात सरलंय माजं. डॉक्टरीनबाई म्हनल्या दाखल व्हा, तर मी लपीवलं. सांगितलं तर तुमी म्हनला असता भाईर बस. एवडी वर्सं वाट बगितलेली यात्रा, मला भाईर बसायचं न्हवतं."

पुरुषांनी माना खाली घातल्या. आमच्या गावात तो शब्द माइकवर पहिल्यांदाच आला होता. मामंजींचा चेहरा बघवत नव्हता. ते तिथंच भंडाऱ्यात बसले आणि म्हणाले, "अगं, मला म्हनायचंस की. मी काय म्हनलो आसतो ती मला म्हनू तरी द्यायचं हुतंस." मग प्रामाणिकपणे म्हणाले, "म्हनलो आसतो. भाईर बसच म्हनलो आसतो."

यात्रेला आलेली उपासना गर्दीतून पुढं आली. आत्तींची खालची पापणी ओढून बघितली, नाडी धरली आणि रविराजला म्हणाली, "गाडी काढा. आत्ताच्या आत्ता."

"ओटी?" आत्ती एवढंच म्हणाल्या.

एक म्हातारी पुटपुटली, आता कशी भरायची, विटाळ हाय न्हवं. त्यावर तानीबाई वळल्या. "लक्षुमी बाईच हाय न्हवं तुमची? तिला ह्यातलं कायबी ठावं न्हाय आसं म्हनतीस व्हय?"

सगळे परशरामअण्णांकडं बघायला लागले. अण्णांचे पाय अजून लालच होते. त्यांनी घसा साफ केला. "भरू दे ओटी. जो कोन आडवील त्येचं पाय मी परातीत घालतो."

"पाच मिनिटं," उपासना म्हणाली. "खुर्चीवर बसून. उभं राहायचं नाही."

खुर्ची मामंजींनी आणि मष्णूनं उचलून गदगेपर्यंत नेली. आत्तींनी हिरव्या साडीच्या पदरातून ओटी देवीपुढं ठेवली, हात जोडले, आणि तिथून थेट गाडीत. बेळगावला पोचेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. त्याच संध्याकाळी रक्त चढलं. गर्भपिशवीत साधी गाठ निघाली, कर्करोग नव्हता. पिशवी काढावी लागेल या भीतीनं त्या मनातून खचल्या होत्या, तर उपासनानं सांगितलं की आधी औषधांनी बघू, लागलीच तर शस्त्रक्रिया, आणि तीसुद्धा तुम्हाला विचारून. महिन्याभरात कच्चे तांदूळ चघळणं आपोआप थांबलं. ती सवयही रक्त कमी झाल्यानंच लागली होती.

यात्रेच्या उरलेल्या दिवसांत त्याच मांडवात उपासना बसली. नववीतल्या पोरीला तिनं सांगितलं, की सुरुवातीची काही वर्षं पोट असं दुखतं, गोळी घे, शेक घे, आणि शाळा बुडवण्याइतकं दुखलं तर ये. जयाबाईंच्या सुनेला बेळगावच्या मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवलं. बाळंतपणानंतर काही जणींचं मन असं काळवंडतं, त्यात आईचा दोष नसतो आणि ते औषधानं बरं होतं. परवा ती सून बाळाला कडेवर घेऊन भाजी घेताना दिसली. लुगडं ओलं होणाऱ्या आजींना काही व्यायाम शिकवले. आजी रोज करतात आणि कोण काय विचारेल त्याला दाखवतातसुद्धा, हे जरा जास्त होतं.

वाचणाऱ्यांनो, महाराज मूर्ख नव्हता. त्याला आपली हळद माहीत होती, आपली भीती माहीत होती, आणि आपल्या घरात बाया आपलं दुखणं बोलत नाहीत हेही पक्कं माहीत होतं. चुन्याचं पाणी तर कुणीही ओळखेल. पण आपण गप्प राहतो तोवर दुसरा कुणी दुसरी परात घेऊन येईल. म्हणून विनंती एवढीच, की पोरगी असो, बाळंतीण असो, पन्नाशीची असो की आजी, तिला काय होतंय ते विचारा, ती सांगेल ते ऐका आणि तिला दवाखान्यात न्या. बाधा शोधू नका, कारण शोधा. आणि चमत्कार दिसला तर तो घरी करून बघा.

आत्ती आता मंगळवारी उपवास करत नाहीत. परवा मामंजी जेवता जेवता, सोयरा समोर बसलेला असताना, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आंबू, ह्या टायमाला पाळी किती दिस हुती गं?"

सोयऱ्याला ठसका लागला. आत्तींनी त्याला पाणी दिलं आणि मामंजींकडं वळून म्हणाल्या, "चार दिस. बसा, भाकरी घ्या."